कुलाब्याचे चिंतामणराव देशमुख

आपल्या समाजातील आडनावे नुसती वाचून काढली तरी जुना कुलाबा जिल्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. रोहेकर, पेणकर, नागावकर, किहीमकर! सरकारने १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड केले, पण आडनावे काही बदलली नाहीत. त्याच जिल्ह्याच्या एका थोर सुपुत्राची ओळख आम्ही आज वाचकांना, विशेषतः येथे जन्मलेल्या तरुण पिढीला, करून देत आहोत.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या पायथ्याजवळील नाते या गावी झाला. त्यांचे बालपण बहुतेक रोह्यास गेले. वडील वकील होते. बुद्धी अशी तल्लख की १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिजला त्यांनी शास्त्र विषयांचा अभ्यास केला. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच होता.

नोकरी मिळाली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात. तेथे वीस वर्षे काढून १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथील जागतिक अर्थपरिषदेस ते भारताचे प्रतिनिधी म्हणून हजर होते. आकड्यांत बुडालेल्या या माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले, हेही येथे सांगितले पाहिजे. १९५० साली पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून आले. म्हणजे त्या जिल्ह्यात राहिलेल्या आपल्या कुटुंबांचेही ते खासदार होते. १९५५ साली स्टेट बँक झाली, १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत.

त्यांच्या घरात प्रांताच्या सीमा नव्हत्या. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या. त्या १९४९ साली वारल्या. १९५३ च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, म्हणजे तेलुगू भाषिक. या विवाहाला साक्षीदार म्हणून खुद्द नेहरू होते. त्याच वर्षी, पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणातील मृत्यूनंतर, तेलुगू लोकांना आंध्र राज्य मिळाले आणि मराठी माणूस आपल्या राज्याची वाट अधिक उत्सुकतेने पाहू लागला.

पण मराठी राज्याची गाठ मुंबईशी पडली होती. मुंबई कोणाची, हा प्रश्न सोपा नव्हता. गिरण्या, पेढ्या आणि व्यापार बव्हंशी गुजराती व पारशी मंडळींच्या हाती होता. बगदादी यहुदी ससून घराण्याची गोदी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र गिरणीत आणि बंदरात घाम गाळणारे हात बहुतांशी कोकणातले व घाटावरचे होते. शहराच्या आसपासचा मुलूखही मराठीच. धनिक मंडळींना वाटे की मुंबई मराठी राज्यात गेली तर आपले काय होईल. मराठी माणसाला वाटे की मुंबईवाचून महाराष्ट्र म्हणजे शिराविण धड.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी व गुजराती भाषिकांचे एकत्र द्विभाषिक राज्य सुचविले आणि विदर्भ वेगळा ठेवला. ते कोणालाच पटले नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले आणि शहर पेटले. पोलिसांच्या गोळीबारात कित्येक बळी पडले. पुढे या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली.

चिंतामणरावांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला, पण नेहरूंच्या आग्रहावरून ते थांबले. मार्ग निघेना, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. लोकसभेत त्यांनी आपली कारणे स्पष्ट सांगितली. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, गोळीबाराची चौकशी नाकारली गेली आणि महाराष्ट्राविषयी आकस दाखविला गेला, असा त्यांचा आरोप होता. नेहरूंनी तो अमान्य केला. ज्यांनी विवाहाला साक्ष दिली त्यांच्याशीच असा प्रसंग यावा, हे दोघांनाही जड गेले असेल.

आम्हांस येथे एक गोष्ट विशेष वाटते. चिंतामणराव चळवळीतले पुढारी नव्हते. त्यांनी मोर्चे काढले नाहीत, गुजराती माणसाविरुद्ध कोणाला भडकविले नाही. उभी हयात कोकणाबाहेर काढलेला, इंग्रज व तेलुगू स्त्रियांशी संसार केलेला हा माणूस संकुचित म्हणावा कसा? आपल्या लोकांवर अन्याय होत आहे असे दिसल्यावर त्यांनी खुर्ची सोडली, पण देशाची सेवा सोडली नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. १९६२ पासून पाच वर्षे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी उभे राहून ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. तोवर द्विभाषिक राज्याचा प्रयोग साडेतीन वर्षे चालून फसला होता. बेळगाव-कारवारकडील सीमेचा वाद मात्र मागे राहिला. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे वारले. मुंबईसाठी मंत्रिपद सोडणाऱ्या या कोकणी माणसाची अखेर तेलुगू मुलखात झाली.

भारत आमची मायभूमी आणि इस्राएल पितृभूमी, असे आपण अभिमानाने म्हणतो. तेथे आपण बेने इस्राएल होतो आणि येथे आल्यावर होदी झालो. आपण अस्सल यहुदी आहोत हे येथे मान्य करून घेण्यासाठी १९६४ सालापर्यंत झगडावे लागले. तेव्हा दोन घरांचे असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुले घरात हिब्रू बोलतात, ते योग्यच आहे. पण आपल्या आडनावातला तो 'कर' कोठून आला असे त्यांनी विचारले, तर रोह्याचे, कुंडलिका नदीचे आणि चिंतामणरावांचे नाव त्यांना अवश्य सांगावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.