हातची विद्या : यूजीन क्रिस्तॉफ

विद्यार्थी मित्रांनो, थोर खेळाडूंची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा विजेत्यांची असतात. कोणी किती पदके मिळवली, कोणी कोणता विक्रम मोडला, याच्या नोंदी आपल्याला पाठ असतात. या अंकासाठी आम्ही मात्र एका वेगळ्या खेळाडूची निवड केली आहे. आपल्या खेळातील सर्वांत मोठी स्पर्धा त्याला एकदाही जिंकता आली नाही. तरीही ती जिंकलेल्या अनेकांची नावे लोक विसरले आणि याचे नाव शंभर वर्षांनंतरही आदराने घेतले जाते. त्याचे नाव यूजीन क्रिस्तॉफ.

क्रिस्तॉफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिस शहराला लागून असलेल्या मालाकॉफ या गावी झाला. कष्टकऱ्यांच्या वस्तीत तो वाढला. लहान वयातच तो कुलूप-किल्ल्या बनवणाऱ्या कारागिराचे काम शिकू लागला. लोखंड तापवणे, ठोकणे, कानशीने घासणे, भोक पाडणे, दोन तुकडे एकमेकांत बसवणे ही कामे त्याच्या हातात बसली. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी हेच शिक्षण त्याच्या उपयोगी पडणार आहे.

त्या काळी फ्रान्समध्ये सायकलचे वेड जोरात होते. १९०३ साली 'लोतो' नावाच्या क्रीडाविषयक दैनिकाने आपला खप वाढावा म्हणून संपूर्ण देशाला फेरी घालणारी सायकल शर्यत सुरू केली. तीच 'टूर द फ्रान्स'. ही शर्यत एका दिवसात संपत नाही. तिचे अनेक टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ जोडत जायचा आणि ज्याची एकूण बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. आज एक टप्पा साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटरचा असतो. त्या काळी मात्र तीनशे-चारशे किलोमीटरचे टप्पे असत. पहाटे अंधारातच निघावे लागे. रस्ते खडीचे आणि धुळीचे होते, सायकली जड होत्या आणि डोंगर तर आजचेच होते.

सर्वांत कठीण होता तो शर्यतीचा नियम. दैनिकाचे संपादक आणि शर्यतीचे प्रमुख आंरी देग्रांज फार कडक शिस्तीचे होते. खेळाडूने दुसऱ्या कोणाचीही मदत न घेता शर्यत पुरी केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पंक्चर झाले तर स्वतः काढायचे. सायकल मोडली तर स्वतःच दुरुस्त करायची. दुसरी सायकल घ्यायची नाही. मोठ्या कंपन्या आपापल्या खेळाडूंना पैसे देत असत, पण रस्त्यावर मात्र प्रत्येक जण एकटा असे.

क्रिस्तॉफने १९०६ साली प्रथम या शर्यतीत भाग घेतला आणि नववा क्रमांक मिळवला. त्याची जिद्द सगळ्यांना कळली ती १९१० साली इटलीतील मिलान ते सान रेमो या शर्यतीत. एप्रिल महिना असूनही त्या दिवशी घाटात बर्फ पडत होता. ६३ खेळाडू निघाले होते. थंडीने हातपाय गारठून एकेक जण गळत गेला. क्रिस्तॉफही वाटेतल्या एका घरात थांबून अंग शेकून पुन्हा निघाला आणि पहिला आला. निकालात नाव लागले ते अवघ्या चौघांचे. या विजयाची किंमतही त्याने मोजली. त्या थंडीने त्याची प्रकृती इतकी बिघडली की त्याला रुग्णालयात राहावे लागले आणि पूर्ववत होण्यास फार काळ गेला.

१९१२ सालच्या टूरमध्ये त्याने लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यातील एका टप्प्यात तो ३१५ किलोमीटर एकटाच सर्वांच्या पुढे धावत होता. पण त्या वर्षी निकाल वेळेवर नव्हता, टप्प्यातील क्रमांकाला मिळणाऱ्या गुणांवर होता. बेल्जियमच्या ओदिल देफ्रेला प्रथम क्रमांक मिळाला आणि क्रिस्तॉफला दुसरा. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, गुणांची पद्धत जाऊन वेळेचा हिशेब परत आला. आता क्रिस्तॉफची पाळी आली, असे अनेकांना वाटत होते.

९ जुलै १९१३. बायोन ते ल्युशों असा ३२६ किलोमीटरचा टप्पा. आपण बेळगावहून पुण्याला जातो, जवळपास तितके अंतर. फरक इतकाच की वाटेत पिरेनीज पर्वतातील एकामागून एक घाट. त्यांतला तूरमाले घाट २,११५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे आहे, म्हणजे त्याच्याही वर सायकल न्यायची. क्रिस्तॉफ त्या दिवशी उत्तम धावत होता. आघाडीवरचा देफ्रे मागे पडला होता. एकूण हिशेबात आता क्रिस्तॉफच पुढे जाणार, अशी स्थिती होती.

तूरमालेचा उतार सुरू झाला आणि पुढच्या चाकाने दगा दिला. चाक नव्हे, चाक ज्यात बसते तो फोर्क, ज्याला आपल्याकडचे सायकलवाले चिमटा म्हणतात, तोच तुटला. आता हँडल हातात आणि चाक मोकळे. चढताना ज्यांना मागे टाकले होते ते सारे एकेक करून त्याच्या समोरून खाली निघून गेले.

अशा वेळी कोणीही शर्यत सोडली असती आणि कोणी नावही ठेवले नसते. क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर घेतली, चाक हातात धरले आणि तो घाट उतरू लागला. दहा किलोमीटरहून अधिक चालून तो सेंट मारी द कांपान या लहानशा गावी पोहोचला. गावात लोहाराची भट्टी होती. पण लोहाराने हात लावला तर नियम मोडणार. शर्यतीचे अधिकारी मागोमाग आलेच होते आणि तो काय करतो हे बारकाईने पाहत उभे होते. तेव्हा क्रिस्तॉफने स्वतःच हातोडा उचलला.

इथे त्याचे लहानपणीचे शिक्षण कामी आले. तुटलेली नळी भट्टीत तापवायची, तिच्या आत दुसरा तुकडा बसवायचा, ठोकून जोड घट्ट करायचा आणि हे सारे इतके सरळ व्हायला हवे की पुढचे घाट उतरताना जोड सुटता कामा नये. सायकलपटू थकलेला, पोटात अन्न नाही, पाय भरून आलेले. एका हाताने तापलेले लोखंड धरायचे, दुसऱ्या हाताने ठोकायचे. मग भाता कोण ओढणार? माणसाला हात दोनच. तिथे उभ्या असलेल्या एका लहान मुलाने भाता ओढून विस्तवाला वारा दिला.

तीन तासांहून अधिक वेळ या दुरुस्तीत गेला. काम संपताच क्रिस्तॉफ पुन्हा सायकलवर बसला. अजून दोन घाट बाकी होते. तेही ओलांडून तो ल्युशोंला पोहोचला. जोड सुटला नाही.

आणि त्याच्या हाती काय आले? दंड. मुलाने भाता ओढला म्हणजे परक्याची मदत झाली, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याच्या वेळेत दहा मिनिटे वाढवली. पुढे हा दंड तीन मिनिटांवर आणला गेला. स्पर्धा तर केव्हाच हातातून गेली होती. त्या वर्षी बेल्जियमचा फिलिप तीस विजयी झाला. पण १४० खेळाडू निघाले होते आणि पॅरिसपर्यंत पोहोचले ते अवघे २५. त्यांत क्रिस्तॉफ सातवा होता.

हा दंड योग्य होता काय, असा प्रश्न आपल्या मनात येतो. आम्हीही आपसात यावर चर्चा केली. नियम सर्वांना सारखा लावला पाहिजे हे खरे. पण नियम करण्यामागचा हेतू पाहावा की नाही? खेळाडूने स्वतःच्या बळावर शर्यत पुरी करावी हा हेतू होता आणि त्या दिवशी तो क्रिस्तॉफइतका कोणी पाळला असेल, असे आम्हाला वाटत नाही. तरी एक गोष्ट महत्त्वाची. नियम कडक आहे म्हणून क्रिस्तॉफने तो चोरून मोडण्याचा प्रयत्न केला नाही आणि दंड झाला म्हणून शर्यतही सोडली नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि टूर चार वर्षे बंद पडली. फाबर, लापीझ आणि पती-ब्रतों हे टूरचे तीन माजी विजेते युद्धकाळात मृत्यू पावले. क्रिस्तॉफनेही सैन्यात नोकरी केली. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. युद्धाने रस्ते उद्ध्वस्त झाले होते, टायर मिळत नव्हते, खेळाडूंचा सराव सुटला होता. ६७ जण निघाले, निकालात दहाच उरले.

त्या शर्यतीत क्रिस्तॉफ आघाडीवर होता. धुळीने माखलेल्या खेळाडूंत पहिला कोण हे लोकांना ओळखू येत नसे. म्हणून आघाडीच्या खेळाडूला वेगळा पोशाख देण्याचे ठरले. 'लोतो' दैनिक पिवळ्या कागदावर छापले जाई, म्हणून रंग पिवळा निवडला असे सांगतात. १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोब्ल येथे ही पिवळी जर्सी प्रथम क्रिस्तॉफच्या अंगावर चढली. आज जगातील प्रत्येक सायकलपटू जिचे स्वप्न पाहतो, ती जर्सी अधिकृत नोंदीप्रमाणे सर्वप्रथम याने घातली. तेव्हा मात्र लोकांनी पिवळा पक्षी म्हणून त्याची थट्टाच केली, अशी आठवण सांगितली जाते.

शेवटचे दोन टप्पे उरले होते. क्रिस्तॉफ जवळपास अर्ध्या तासाने पुढे होता. मेट्झ ते डंकर्क हा ४६८ किलोमीटरचा टप्पा, तोही युद्धात उखडलेल्या दगडी रस्त्यांवरून. व्हालेन्सियन गावाच्या परिसरात त्याच्या सायकलचा फोर्क पुन्हा तुटला. सहा वर्षांनी, तोच भाग, तीच विपत्ती. तो जवळच्या एका कारखान्यात गेला आणि पुन्हा स्वतःच्या हातांनी त्याने दुरुस्ती केली. तासाहून अधिक वेळ गेला. पिवळी जर्सी बेल्जियमच्या फिर्मां लांबोकडे गेली आणि लांबोच विजेता ठरला. क्रिस्तॉफ तिसरा आला.

या वेळी मात्र लोक गप्प बसले नाहीत. 'लोतो'ने त्याच्यासाठी वर्गणी सुरू केली. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात लहान-थोर सर्वांनी यथाशक्ती पैसे पाठवले. जमलेली रक्कम १३ हजार फ्रँकांवर गेली. विजेत्याचे बक्षीस पाच हजारांचे होते. म्हणजे अधिकाऱ्यांच्या वहीत तो तिसरा, पण लोकांनी त्याला पहिला मानले.

दैवाची परीक्षा अजून संपली नव्हती. १९२० साली त्याने पॅरिस–तूर, तसेच १९२० आणि १९२१ अशी सलग दोन वर्षे बोर्दो–पॅरिस या मोठ्या शर्यती जिंकल्या. १९२२ च्या टूरमध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी पिवळी जर्सी पुन्हा त्याच्या अंगावर आली. आणि त्याच शर्यतीत आल्प्समधील गालिबिए घाटाच्या उतारावर तिसऱ्यांदा त्याचा फोर्क तुटला! तरीही तो पॅरिसला पोहोचला. १९२५ साली, चाळिसाव्या वर्षी, तो शेवटची टूर धावला. अकरा वेळा त्याने ही शर्यत सुरू केली आणि आठ वेळा शेवटापर्यंत नेली.

१ फेब्रुवारी १९७० रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. एकट्याने सर्व करण्याचा जुना नियम पुढे सैल होत गेला. आता टूरमध्ये खेळाडूंच्या मागे मोटारी असतात, त्यांच्या टपावर सुट्या सायकली असतात आणि काही सेकंदांत सायकल बदलून मिळते. सायकलच्या पायट्यावर पाऊल घट्ट धरून ठेवणाऱ्या पट्ट्या क्रिस्तॉफच्या नावाने अनेक वर्षे विकल्या जात होत्या. सेंट मारी द कांपानमध्ये त्या भट्टीच्या जागी त्याच्या स्मरणार्थ पाटी लावलेली आहे आणि २०१४ पासून गावात त्याचा पुतळाही उभा आहे. तूरमाले चढून जाणारे हौशी सायकलस्वार तिथे थांबतात. १९१३ चा विजेता कोण, हे त्यातील किती जण सांगू शकतील कोण जाणे, पण त्या भट्टीची गोष्ट त्यांना ठाऊक असते.

मित्रांनो, आपल्या शाळेत कार्यानुभवाचा तास असतो. परीक्षेत त्याला फारसे गुण नाहीत म्हणून कित्येक जण तो तास थट्टेवारी नेतात, हे आम्ही पाहतो. पंक्चर काढणे, खिळा सरळ ठोकणे, फ्यूज बसवणे, शर्टाचे बटण लावणे ही कामे कोणीतरी दुसऱ्याने करावीत अशी आपली समजूत झाली आहे. क्रिस्तॉफने कुलूपकाम शिकताना आपण एक दिवस पर्वताच्या पायथ्याशी त्याच विद्येवर उभे राहू, असे मनातही आणले नसेल. शर्यत त्याला जिंकता आली नाही, कारण तुटणारे लोखंड कोणाच्याच हातात नसते. तुटलेले सांधणे मात्र त्याच्या हातात होते, आणि ते त्याने दर वेळी केले. सायकल चालवणारे आपल्यापैकी पुष्कळ आहेत. या सुट्टीत निदान आपल्या सायकलचे चाक काढून पुन्हा बसवायला शिका, एवढेच आमचे सांगणे आहे.