विद्येचे दार आणि घराचे दार

बडोद्याचे अधिपती कै. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांस दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या शेतकऱ्याच्या मुलास अक्षरओळखही नव्हती. विद्या उशिरा लाभल्यामुळेच तिचे मोल त्यांस अधिक कळले असावे, असे आम्हांस वाटते. १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

उच्च शिक्षणासही त्यांनी सढळ हात दिला. अस्पृश्य गणलेल्या समाजातील भीमराव आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता महाराजांनी त्यांस दरमहा २५ रुपये दिले. पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता.

त्याप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्यास आले. परंतु जातीमुळे त्यांस राहावयास जागा मिळेना, कचेरीतही अवहेलना झाली. अल्पावधीतच त्यांस शहर सोडावे लागले. तेच पुढे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. त्यांनी विद्येचे दार उघडले. घराचे दार उघडणे नगरजनांच्या हाती होते. विद्यार्थ्यास साहाय्य करताना आम्ही सर्वांनी हे दुसरे दारही ध्यानी ठेवावे.