रमाबाई रानडे : आळंदीस सेवेला आलेली माउली

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या पुस्तकात दिंडीच्या जुन्या माणसांची नावं येतील, ती यावीतच. पण जिनं वारकऱ्यांची सेवा केली अशा एका बाईचं चरित्र इथं असावं, असं आम्हाला वाटलं. त्या रमाबाई रानडे. टीव्हीवर मालिका झाली तेव्हापासून त्यांचं नाव घरोघरी गेलं. पण त्यांचं आळंदीशी काय नातं होतं, ते थोड्यांनाच ठाऊक.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, गाव देवराष्ट्रे. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येतं. माहेरचं आडनाव कुर्लेकर. अकराव्या वर्षी, १८७३ साली, महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं. नवरा वीस वर्षांनी मोठा आणि मोठा विद्वान, मुलीला तर अक्षरओळख नाही. रानड्यांनी घरीच शिकवायला घेतलं. घरातल्या बाया रागावल्या. बाईच्या हातात पुस्तक म्हणजे घराला कमीपणा, असा तो काळ. टोमणे रोजचेच. रमाबाईंनी उलट उत्तर केलं नाही अन् पुस्तकही सोडलं नाही. मराठी झाली, मग इंग्रजीही शिकल्या.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आलं. गिरगावात प्रार्थना समाजाचं मंदिर आहे. त्या नाक्याला लोक आजही प्रार्थना समाजच म्हणतात. तिथं मूर्ती नव्हती, पण तुकोबा होते. रानडे अभंग घ्यायचे आणि त्यावर बोलायचे. म्हणजे रमाबाईंच्या कानावर संतांचं बोलणं सारखं पडत होतं.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. पोटी मूल नाही. विधवेनं कोपऱ्यात बसावं अशी तेव्हाची रीत. त्या पुण्याच्या घरी आल्या, वर्षभर लोकांत मिसळल्या नाहीत. पण पुढं उठल्या, त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत. १९०४ साली मुंबईत बायकांची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष रमाबाई. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं. एक पारशी, एक सिंधी, आणि अध्यक्षपदी आपल्या देवराष्ट्र्याची लेक! गिरगावाला लागून गावदेवीत ती संस्था आजही आहे. पुढच्या वर्षी पुण्यालाही सेवासदन सुरू झालं, ते रानड्यांच्या वाड्यातच. तिथं बायांना शिक्षण, शिवण, नर्सचं काम शिकवलं. टाकलेली, विधवा झालेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहू लागली. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायांनासुद्धा त्या जाऊन भेटत, चार शब्द बोलत.

आता आळंदीचं सांगतो. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला रमाबाई सेवासदनच्या बायांना घेऊन आळंदीस जात. पडल्याझडल्या, आजारी यात्रेकरूंना औषधपाणी, मलमपट्टी करत. न्यायमूर्तींच्या घरची बाई, तिनं गर्दीत जाऊन परक्या माणसाची शुश्रूषा करायची, हे त्या वेळी सोपं नव्हतं. थकल्या वयातसुद्धा त्यांनी हे सोडलं नाही. १९२४ साली त्या गेल्या. सरकारनं १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट काढलं.

आम्ही फडावर उभं राहून सांगतो की देव सेवेत आहे. सांगणं सोपं आहे. आपल्या दिंडीत आज निम्म्याहून जास्त आयाबाया आहेत. गावाकडच्या आहेत, लालबाग-परळच्या चाळीतल्याही आहेत. तुळस डोक्यावर घेऊन त्या सगळी वाट चालतात, मुक्कामाला पोचल्या की भाकरीच्या मागं लागतात. वाटेत आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येऊन पडतात. हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे. नव्या शतकात विणा-पखवाजाबरोबर औषधाची पेटी, ती सांभाळणाऱ्या दोन जाणत्या बाया आणि आयाबायांसाठी आडोशाची सोय दिंडीनं आपल्या खर्चानं करावी. सोहळ्यात हार-तुरे कमी झाले तरी चालतील. रमाबाईंनी आपल्या माणसांचे पाय धुतले, त्यांचं ऋण असंच फिटेल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!