वासुदेव गायतोंडे

वासुदेव संतू गायतोंडे (जन्म: नागपूर, २ नोव्हेंबर १९२४, मृत्यू: १० ऑगस्ट २००१) हे आधुनिक भारतीय कलेतील अग्रगण्य अमूर्त चित्रकार होते. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे.

जीवन

गायतोंडे यांचे कुटुंब मूळ गोव्याचे. मुंबईतील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९४८ साली पदविका मिळवली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. आरंभीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रशैलीचा व पॉल क्ले यांचा प्रभाव दिसतो. नंतर मात्र आकृती लोप पावत गेली. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७०च्या दशकात मुंबई सोडून ते दिल्लीत स्थायिक झाले. ते अविवाहित होते व लोकसंपर्कापासून दूर राहत.

चित्रनिर्मितीची प्रक्रिया

झेन विचाराचा त्यांच्यावर सखोल प्रभाव होता. प्रत्यक्ष रंगवण्यापूर्वी ते दीर्घकाळ चिंतन करीत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. कुंचल्याऐवजी रोलर व रंगसुरी वापरून ते तैलरंगाचे पातळ थर एकावर एक देत. ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे ठेवून ते रंगाचा ठसा उमटवीत किंवा थर उचलून घेत. त्यामुळे खालचा रंग वरच्या थरातून झिरपल्यासारखा दिसतो आणि प्रकाश चित्राच्या आतून येत असल्याचा भास होतो. पाहणाऱ्यालाही हे थर हळूहळूच उलगडतात.

अपघात व उत्तरकाल

१९८४ साली दिल्लीत झालेल्या अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवणे अशक्य झाले. रंगांच्या थरांवर उभी असलेली कलाच त्यामुळे थांबली. या काळात त्यांनी कागदावर शाईने रेखाटने केली. रंग नसतानाही अवकाश व मौन यांचा त्यांचा शोध तेथे चालू राहिला. काही वर्षांनी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले.

सन्मान

भारत सरकारने १९७१ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मानही त्यांना मिळाला. मात्र व्यापक कीर्ती मृत्यूनंतरच लाभली. २०१३ साली मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले.