बीरबल साहनी : दगडांतून झाडांचा इतिहास वाचणारे शास्त्रज्ञ

झाडे मुळात पाण्यातली. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी हिरव्या शैवालांच्या वंशातून पहिल्या वनस्पती जमिनीवर आल्या. या प्रवासाच्या खुणा दगडांत जपल्या गेल्या आहेत. त्या वाचण्याचे शास्त्र भारतात रुजवले ते प्रा. बीरबल साहनी यांनी.

भेरा ते केंब्रिज

साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी भेरा येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानातील पंजाबमध्ये आहे. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलांना घेऊन ते हिमालयात पायी भटकत. रोपे आणि दगड गोळा करण्याची सवय बीरबल यांना तिथेच लागली. लाहोरला त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवले ते शिवराम कश्यप यांनी. १९११ मध्ये पदवी घेऊन साहनी केंब्रिजला गेले आणि जीवाश्मतज्ज्ञ ए. सी. सीवर्ड यांचे शिष्य झाले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवून ते मायदेशी परतले.

जमिनीवर जगायला काय लागले?

पाण्यातल्या वनस्पतीला ना सुकण्याची भीती, ना आधाराची गरज. जमिनीवर मात्र सगळेच बदलले. अंगातले पाणी उडू नये म्हणून मेणचट आवरण आले. त्या आवरणाने हवा अडली, म्हणून उघडझाप करणारी पर्णरंध्रे आली. पाणी वर चढवायला नलिका आल्या आणि लिग्निनमुळे त्या ताठ झाल्या. पुढची पिढी कोरड्या हवेत टिकावी म्हणून आधी जाड कवचाचे बीजाणू आले आणि फार नंतर बिया.

या टप्प्यांचा माग कसा काढायचा? १९१७ पासून स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांची वर्णने प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतील काही वनस्पतींना मुळे नव्हती, पाने नव्हती. होते फक्त दुभंगत जाणारे खोड. आजच्या सायलोटम या वनस्पतीची ठेवणही साधारण तशीच. साहनी यांनी १९२३ मध्ये सायलोटमच्या कुळातील बीजाणूकोशांवर शोधनिबंध लिहिला. जिवंत वनस्पतीची रचना आणि जीवाश्म एकत्र अभ्यासायचे, ही त्यांची पद्धत. सायलोटम नेच्यांचा नातलग आहे, हे पुढे डीएनए तपासणीतून दिसले.

राजमहाल ते दख्खन

१९२१ मध्ये साहनी लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आजच्या झारखंडमधील राजमहाल टेकड्यांतील जीवाश्मांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. तिथल्या निपानिया गावाजवळ मिळालेल्या एका जीवाश्म वनस्पतीच्या खोडात लाकडाचे साधारण पाच स्वतंत्र भाग होते. म्हणून तिचे नाव पेंटोझायलॉन. आज जिवंत असलेल्या कोणत्याच गटात ती बसेना, तेव्हा १९४८ मध्ये साहनी यांनी तिच्यासाठी नवा गट मांडला.

महाराष्ट्राशीही या कामाचा संबंध आहे. सह्याद्रीचे काळे कातळ लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे उगवली आणि पुढे गाडली गेली. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान येथील अशा थरांतील वनस्पतींचा साहनी यांनी अभ्यास केला. आपल्याकडे चारा आणि खत म्हणून वापरल्या जाणाऱ्या अझोलाचा एक प्राचीन भाऊबंदही मध्य भारतातील अशाच थरांत सापडला. या वनस्पतींवरून दख्खनचा लाव्हा मानला जातो त्यापेक्षा अलीकडचा असावा, असे साहनी यांनी मांडले. आजच्या मोजणीनुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनासोर संपले त्या सुमाराचे आहेत.

१९३६ मध्ये साहनी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ.

अखेरचा आठवडा

जीवाश्म वनस्पतींसाठी भारतात स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा ध्यास होता. १९४६ मध्ये लखनौ विद्यापीठातच संस्थेचे काम सुरू झाले. साहनी यांनी आपले ग्रंथ आणि जीवाश्मांचा संग्रह तिला देऊन टाकला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिलेतही जीवाश्म बसवलेले होते. त्यानंतर आठवडाभरातच, ९ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या सुमारास हृदयविकाराच्या झटक्याने साहनी गेले. वय अवघे ५७. स्टॉकहोमला १९५० मध्ये होणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदासाठी त्यांची निवड झालेली होती.

संस्थेचे काय होणार, हा प्रश्न होता. पत्नी सावित्री साहनी यांनी धुरा खांद्यावर घेतली. जानेवारी १९५३ मध्ये इमारतीचे उद्घाटनही नेहरूंच्याच हस्ते झाले. आज ही संस्था साहनी यांचे नाव लावते. प्राचीन परागकणांवरून जुने हवामान कसे होते, याचा शोधही तिथे घेतला जातो.