मधुमेही मुलांना सुट्टी मिळवून देणारे डॉ. एलियट जोसलिन

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की दिल्लीच्या मुनिरका भागातील मराठी घरांतही मुलांना आजोळी किंवा एखाद्या शिबिराला पाठवण्याचे बेत सुरू होतात. ज्या घरातील मूल रोज इन्सुलिनची इंजेक्शने घेते, तिथे मात्र हा बेत एकाच प्रश्नापाशी अडतो. रात्री झोपेत साखर कमी झाली, तर तिथे जागे कोण असेल? या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या अमेरिकन मधुमेहतज्ज्ञ डॉ. एलियट प्रॉक्टर जोसलिन यांचा हा जीवनपट.

जोसलिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या लहानशा गावी झाला. १८९० मध्ये येल येथून पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच, १८९३ मध्ये, त्यांनी मधुमेहाच्या एका तरुण रुग्ण मुलीची माहिती वहीत टिपून ठेवली. रुग्णांची तपशीलवार नोंद ठेवण्याचा हा परिपाठ त्यांनी आयुष्यभर पाळला. त्यांच्या नात्यातील एका स्त्रीलाही आणि पुढे आईलाही या रोगाने गाठले. काटेकोर आहाराच्या बळावर आई निदानानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगली. त्या काळाच्या मानाने हे यश असाधारण होते.

मुलांच्या बाबतीत असे यश दुर्मीळच होते. इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी मधुमेह झालेले मूल बहुधा एक-दोन वर्षांतच दगावत असे. न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी पुरस्कारलेला उपासमारीचा आहार जोसलिन यांनीही अवलंबिला. त्याने आयुष्य थोडे लांबत असे, पण मूल हाडांचा सापळा होऊन राही. भुकेलेल्या मुलापासून अन्न दूर ठेवणे, हाच तेव्हाचा उपचार होता.

टोरांटो येथे फ्रेडरिक बॅन्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन सिद्ध केले आणि ऑगस्ट १९२२ मध्ये जोसलिन यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला ते टोचले. ही रुग्ण एक परिचारिका होती. ती अंथरुणाला खिळल्यासारखीच होती. काही आठवड्यांतच ती रोज काही मैल चालू लागली.

मात्र औषध हाती आले म्हणून काम संपले, असे जोसलिन यांनी मानले नाही. मात्रा किती घ्यावी, केव्हा खावे, किती श्रम करावेत, हे रोज ठरवणारा माणूस रुग्ण स्वतःच असतो. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे असून त्यांचे लगाम रुग्णाच्या हाती असले पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. डॉक्टर व रुग्ण या दोघांसाठी त्यांनी १९१८ मध्येच मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. आता त्यांच्या प्रशिक्षित परिचारिका घरोघरी जाऊन मातांना शिकवू लागल्या. १९२४ मध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट त्यांच्याकडे रुजू झाल्या आणि मुलांच्या उपचारांची मोठी जबाबदारी त्यांनी उचलली.

मधुमेही मुलांचे पहिले शिबिर जोसलिन यांचे नव्हे. तो मान १९२५ मध्ये मिशिगन राज्यात शिबिर भरवणाऱ्या डॉ. लेनर्ड वेन्ट यांच्याकडे जातो. जोसलिन यांनी या कल्पनेला दीर्घायुष्य दिले. अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन यांचे जन्मघर ऑक्सफर्डच्याच उत्तर भागात होते आणि एका महिला संघटनेने ते जतन केले होते. त्या आवारात १९३२ मध्ये मधुमेही मुलींचे उन्हाळी शिबिर सुरू झाले. मुलांसाठी शेजारच्या चार्लटन गावी १९४८ मध्ये स्वतंत्र शिबिर निघाले.

आजच्या वाचकाला त्या काळच्या दिनक्रमाची कल्पना करणे कठीण जाईल. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. परीक्षानळीत बेनेडिक्टचे द्रावण घालून लघवी तापवायची. रंग निळा राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा झाला तर थोडी आणि विटकरी झाला तर भरपूर. काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे आणि बोथटलेली सुई दगडावर घासून तीच पुन्हा वापरली जाई. घरी हे सारे एकट्याने सोसावे लागे. शिबिरात मात्र न्याहारीपूर्वी प्रत्येकालाच सुई घ्यायची असल्याने कोणी वेगळा उरत नसे. आजवर आईच्या हातून इंजेक्शन घेणारे मूल शेजाऱ्याचे पाहून ते स्वतः टोचून घ्यायला शिके. पोहणे आणि खेळ यांमुळे साखर उतरते, थरकाप व घाम ही त्याची खूण असते आणि अशा वेळी तत्काळ गोड खावे, हे ते स्वानुभवाने जाणे. डॉक्टर व परिचारिका जवळच असल्याने ही चूक जिवावर बेतत नसे.

जोसलिन यांच्या शिस्तीला दुसरी बाजूही होती. साखर वाढली म्हणजे रुग्णाने कुचराई केली, असा त्यांच्या उपदेशाचा सूर अनेकदा असे. लहान मुलाच्या मनावर त्याचा भार पडत असणार, हे नाकारता येत नाही. मुलांना मोकळे खाऊ द्यावे, असे मानणारे डॉक्टर त्या काळीही होते आणि हा वाद दशकानुदशके चालला. साखर काटेकोर राखल्याने डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंची हानी टळते किंवा लांबते, हे १,४४१ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीतून १९९३ मध्ये सिद्ध झाले. तो निष्कर्ष पाहायला जोसलिन हयात नव्हते. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते रुग्ण तपासत होते.

भारतातही आता मधुमेही मुलांची शिबिरे भरतात आणि बालपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इथल्या शिबिरांत जोसलिन यांच्या थंड हवेच्या गावी न लागणारा एक धडा मात्र शिकवावा लागतो. दिल्लीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि वीज जाते, तेव्हा इन्सुलिनची कुपी निकामी होऊ नये म्हणून ती कोरड्या डबीत बंद करून मातीच्या ओल्या माठात कशी ठेवावी, याचा हा धडा.