एका काचपट्टीचे ऋण

दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार फुलतो. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या गावांतून स्त्रिया सकाळच्या गाडीने येतात, माल विकतात, घरासाठी खरेदी करतात आणि दिवेलागणीपूर्वी परततात. घरातल्या प्रत्येकाच्या औषधाची त्यांना आठवण असते. नसते ती स्वतःच्या प्रकृतीची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे फावते ते नेमके येथेच. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळणारा हा रोग वर्षानुवर्षे दबा धरून वाढतो आणि आरंभी वेदनाही देत नाही. तो वेळीच हेरण्याची वाट ज्यांनी जगाला दाखविली, त्या डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या चरित्राचे स्मरण म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रीसमधील युबिया बेटावर, कीमी या गावी १३ मे १८८३ रोजी एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०४ साली अथेन्सला त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. वडिलांचा व्यवसाय पुढे चालवावा ही घरची अपेक्षा. मुलाचा ओढा मात्र संशोधनाकडे. १९१० साली त्यांनी म्युनिक येथे प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी आंद्रोमाखी, म्हणजे पुढे मेरी म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. १९१३ साली हे जोडपे तुटपुंज्या पुंजीनिशी न्यूयॉर्कला उतरले. मेरीबाईंनी दुकानात बटणे शिवली, डॉक्टरांनी उपाहारगृहांत व्हायोलिन वाजविले. अखेर कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली आणि पतीबरोबर मेरीबाईही तेथे राबू लागल्या.

तेथे गिनिपिगांवर काम करताना एक अडचण आली. मादीचे बीजांड केव्हा पक्व होते हे कळण्यासाठी प्राणी मारावा लागे. पापानिकोलाऊंनी योनिस्रावाचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि पेशींच्या बदलत्या रूपावरून तो काळ ओळखला. १९२० च्या सुमारास हीच पद्धत त्यांनी मानवाकडे वळविली. तपासणीसाठी नित्य नमुना कोण देणार? मेरीबाई पुढे झाल्या. सुमारे एकवीस वर्षे त्यांनी हे व्रत पाळले. निरोगी पेशी कशी दिसते हे अशा अभ्यासातून पक्के झाले, म्हणूनच रोगट पेशी नजरेत भरली.

१९२८ साली पापानिकोलाऊंनी आपला निष्कर्ष मांडला तेव्हा त्याचे स्वागत थंडपणे झाले. रुमानियाचे डॉ. आउरेल बाबेश त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच शोधापर्यंत पोहोचले होते. त्यांच्याही वाट्याला उपेक्षाच आली. पापानिकोलाऊ मात्र खचले नाहीत. १९३९ पासून डॉ. हर्बर्ट ट्राऊट यांच्या साहाय्याने न्यूयॉर्कच्या इस्पितळातील स्त्रीरुग्णांची त्यांनी सरसकट तपासणी केली आणि १९४३ साली ग्रंथरूपाने पुरावा जगापुढे ठेवला. पॅप चाचणी ती हीच. ती रूढ झाल्यावर अमेरिकेत या रोगाचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामी येथे त्यांचे देहावसान झाले.

या परीक्षेला निष्णात नजर आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते; खेडोपाडी ती आणायची कोठून? याचेही उत्तर मिळाले आहे, आणि ते मराठी मुलखात मिळाले आहे. या रोगामागे एक विषाणू असतो हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली दाखविले. पुढे बार्शीच्या कर्करोग इस्पितळाच्या पुढाकाराने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्या विषाणूची केवळ एकदा तपासणी केल्याने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ साली त्यातून सिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा इस्पितळाने साध्या प्रशिक्षित स्त्रियांकडून शिरक्यातील आम्लाने तपासणी करविली. आम्ल लावताच रोगट भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोहोंत ना शस्त्र, ना भूल. विषाणूच्या तपासणीचा नमुना तर स्त्री स्वतःही घेऊ शकते.

तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. ते कागदावर राहू नये ही जबाबदारी आरोग्य खात्याची खरी. पण ती घराघरांचीही आहे. संकोच हा स्त्रीचा स्वभाव म्हणून सोडून देणे सोपे असते. प्रत्यक्षात तिला सवड कोणी देत नाही आणि सोबतीलाही कोणी येत नाही. रजोनिवृत्तीनंतर वा समागमानंतर रक्तस्राव झाला, तर पाळीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा, हेही घरात कोणी बोलत नाही. एका परक्या स्त्रीने ज्या चाचणीसाठी एकवीस वर्षे दिली, तिच्यासाठी आमच्या माताभगिनींना पाच वर्षांतून एक सकाळ मिळू नये, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. बाजाराच्या एखाद्या शुक्रवारी घरच्या पुरुषानेच पाटी उचलावी आणि तिला इस्पितळाची वाट धरू द्यावी. पापानिकोलाऊ दांपत्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.